पुढच्या साथीत नाटक कसं पाहावं : नवशिक्या रसिकांसाठी

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि एक ऐन भरात आलेली कला तिथेच खुंटली. नाट्यगृहात बसून एकही नियम न पाळता सगळे नियम पाळल्यासारखं दिसायचं, ही ती कला. तिच्यात तरबेज झालेली मंडळी अजून आपल्यात आहेत, पण सराव सुटलाय. उद्या नवी साथ आली तर ज्यांनी त्या दिवसांत नाटकाचं तोंडच पाहिलं नाही, त्या पोरांनी करायचं काय? मास्क हनुवटीवर नेमका कुठे टेकवायचा, हे त्यांना सांगणार कोण? म्हणून हा प्राथमिक अभ्यासक्रम. अवघड काही नाही. धीर धरा.

आधी थोडा इतिहास, म्हणजे वाद घालताना तारखा तोंडावर फेकता येतील. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२०ला, बरोबर मराठी रंगभूमी दिनी, निम्म्या खुर्च्या भरायची परवानगी मिळाली. डिसेंबरात प्रयोग लागले, एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेनं पुन्हा कुलूप घातलं. ९ ऑगस्टला रंगकर्मी रस्त्यावर उतरले. २२ ऑक्टोबर २०२१ला नाट्यगृहं परत उघडली, परत निम्मीच. ही सगळी धडपड तुम्ही येऊन बसावं म्हणून होती, हे मनात पक्कं धरा. तुम्ही रसिक मायबाप. आणि मायबापांना पोरांनी ‘नाकावर घ्या’ असं सांगायचं नसतं.

१. मास्क कुठे ठेवायचा

नवशिका पहिल्या दिवशी मास्क घरी विसरतो. असं करू नका. मास्क नसेल तर दारावरच अडवतील, आणि त्यात कसलं आलंय कौशल्य? मास्क असावा आणि तो जागेवर नसावा.

पहिली जागा हनुवटी. दाढी असेल तर पकड छान बसते. दुसरी जागा एक कान. एका कानाला लोंबणारा मास्क पाहिला की लोक समजतात, या गृहस्थांनी आत्ताच पाणी प्यायलंय. हे पाणी तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत पुरतं. तिसरी आणि सगळ्यांत मानाची जागा नाकाखाली. इथे मास्क लावलेलाही असतो आणि त्याचा काडीचा उपयोगही नसतो, त्यामुळे कायदा आणि स्वाभिमान दोघांचंही समाधान होतं. कुणी हटकलं तर म्हणा, “लावलाय की!” हे दोन शब्द आरशासमोर घोटून घ्या. आवाजात दुखावलेपण हवं, राग नको. राग पुढे लागणार आहे.

मास्क केव्हा लावायचा, याचंही शास्त्र आहे. मुंबईत रस्त्यावर विनामास्क सापडलं की २०० रुपये दंड होता आणि क्लीन-अप मार्शल पावतीपुस्तक घेऊन उभे असत. म्हणून दादर स्टेशन ते शिवाजी मंदिर एवढं अंतर मोकळ्या हवेत मास्क नाकावर घट्ट. आत शिरलात, दारं लागली, एसी सुरू झाला, शेकडो माणसं एकाच हवेत बसली, की काढा. विषाणू पावती फाडत नाही.

२. दारावरची परीक्षा

थर्मल गनला भिऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हातून रिक्षानं घामाघूम होऊन आलेल्या माणसाचंही अंग ती ९३ दाखवते, म्हणजे डॉक्टरच्या हिशेबानं तुम्हाला बर्फातून काढून आणलेलं असतं. तरी सोडतात.

मग कागदपत्रं. दोन्ही डोस झाल्याचं प्रमाणपत्र किंवा आरोग्य सेतूवरचा ‘सुरक्षित’ शेरा, दोन्हींतलं एक दाखवायचं असे. प्रमाणपत्र घरातल्या कुणाचंही चालतं. सगळ्यांवर फोटो एकच, पंतप्रधानांचा, त्यामुळे चेहरा जुळतो की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. नाव वाचलं जाऊ नये म्हणून स्क्रीनचा उजेड कमी करा आणि फोन हलता ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रमाणपत्र शोधायला लागा. आधी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, मग विजेचं बिल, मग नातवाचं बारसं. “हा बघ, किती गोड आहे.” एव्हाना दुसरी घंटा झालेली असते, मागची रांग कुरकुरायला लागते आणि डोअरकीपरच म्हणतो, “जा काका.”

आरोग्य सेतूच मागितलं तर सांगा, “माझा साधा फोन आहे हो.” दुसऱ्या अंकात नायिका जुनं पत्र वाचायला घेईल तेव्हा याच साध्या फोनवर न्यूजर्सीहून मुलीचा व्हिडिओ कॉल येईल, पण तो वेगळ्या अभ्यासक्रमाचा विषय. मोबाईलच्या शाखेत आपला प्रेक्षक साथीच्या आधीपासून निष्णात आहे. नटांनी चालू प्रयोग थांबवून पाहिले, काही फरक पडला नाही.

३. डोअरकीपरला गप्प कसं करावं

अंधारात बॅटरी घेऊन एक पोरगा रांगेच्या टोकाशी येईल. वाकून, अगदी हळू आवाजात म्हणेल, “काका, मास्क जरा वर घेता का?” बॅटरीचा झोत तो स्वतःच्याच बुटांवर धरेल, तुमच्या तोंडावर मारायची त्याची हिंमत नसते. इथे कच खाऊ नका. हत्यारं चार आहेत.

पहिलं, वय. “बाळा, पणशीकरांचा ‘तो मी नव्हेच’ मी फिरत्या रंगमंचावर पाहिलाय.” याचा मास्कशी काय संबंध, हे त्याला सुचेपर्यंत तुम्ही परत स्टेजकडे बघायला लागलेले असता. त्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, ही त्याची चूक आहे.

दुसरं, तिकीट. “फुकट नाही आलो. तिकीट काढलंय.” पासावर आला असाल तर हेच जरा मोठ्यानं म्हणा. हे हत्यार जगात सगळीकडे चालतं. ब्रॉडवेवर मास्कची सक्ती जून २०२२च्या अखेरपर्यंत होती. त्या मे महिन्यात ‘कंपनी’ या संगीत नाटकाच्या प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा चालल्या असताना पॅटी लुपोन या ज्येष्ठ अभिनेत्रीनं नाक उघडं ठेवून बसलेल्या प्रेक्षकाला झाडलं. प्रेक्षकांतून उत्तर गेलं, तुमचा पगार आम्ही देतो. पगार निर्माता देतो, असं बाईंनी तिथल्या तिथे ठणकावलं. आपल्याकडे अशी वेळ यायची नाही. आपला नट मायबाप म्हणून हात जोडतो आणि विंगेत जाऊन काय बोलायचं ते बोलतो.

तिसरं, दम. “गुदमरायला होतं रे.” हे खरंही असू शकतं, म्हणून ते फार प्रभावी ठरतं. ज्यांना खरोखर दमा आहे ते बिचारे मास्क लावून गप्प बसलेले असतात. त्यांची सबब वापरायला मोकळी आहे.

चौथं, कायदा. “कुठल्या कलमाखाली?” असं विचारा. हे निर्बंध ज्या साथरोग कायद्याच्या आधारानं आले तो १८९७चा, प्लेगच्या वेळचा. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८०चं, म्हणजे कायदा त्याच्याहून सतरा वर्षांनी धाकटा. एवढ्या जुन्या नाटकाला तुम्ही स्वतः जाल का? नाही. मग एवढा जुना कायदा का पाळायचा? हा युक्तिवाद मध्यंतरात रांगेत उभं राहून करावा, ऐकायला माणसं मिळतात.

चारही हत्यारं बोथट झाली तर मास्क वर घ्या. पोरगा वळून सहा पावलं गेला की खाली घ्या. तो परत यायचा नाही. त्याला आणखी पंधरा रांगा बघायच्या असतात.

४. निम्म्या खुर्च्यांत पूर्ण कसं बसावं

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ९८९ खुर्च्या. निम्म्या म्हणजे साडेचारशे-पाचशे असं मोघम बोलू नका, ४९४ आणि वर अर्धी. या अर्ध्या खुर्चीवर बुकिंगच्या खिडकीशी निदान पाच मिनिटं चर्चा करता येते.

एकाआड एक खुर्चीवर फुली असायची. एकाच स्कूटरवर चिकटून आलेलं जोडपं मध्ये फुलीची खुर्ची ठेवून बसायचं, आणि प्रयोग संपला की परत चिकटून घरी जायचं. हा नियम खरंच विनोदी होता, मान्य. विनोदी नियमाचा मोठा फायदा असा, की त्याच्या आडोशानं शहाणे नियमही मोडता येतात. कुणी काही बोललं की लगेच त्या स्कूटरवरच्या जोडप्याचा दाखला द्या आणि स्वतः मात्र शेजारच्या अनोळखी कुटुंबात घुसून बसा.

पुढे सरकणं हा यातला वरचा वर्ग. तिकीट मागच्या रांगेचं काढायचं, नांदी होईपर्यंत दम धरायचा, दिवे मंदावले की उठायचं. तुम्ही उठलात की तुमच्या मागचे उठतात. पाचच मिनिटांत पहिल्या दहा रांगा फुलीसकट गच्च भरतात आणि मागे पार बाल्कनीपर्यंत चिटपाखरू उरत नाही. व्यवस्थापकानं हरकत घेतली तर त्याला गणित समजावून द्या. माणसं तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच, म्हणजे सरासरी अंतर सरकारी नियमाप्रमाणेच आहे. पुढे दाटी आणि मागे मैदान, हिशेब बरोबर. गणिताच्या शिक्षकांनी हा मुद्दा मांडला तर विशेष शोभतो.

फुलीच्या खुर्चीवर पिशवी ठेवायला हरकत नाही. भाजीची असेल तर उत्तम.

५. तोंड चालू ठेवा

खाताना मास्क काढावाच लागतो. या एका वाक्यावर अख्खं शास्त्र उभं आहे. जोवर तुम्ही खाता आहात, तोवर ब्रह्मदेवही तुम्हाला मास्क लावायला सांगू शकत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की दोन अंक सलग खायचं कसं?

प्रेक्षागृहात खायला बंदी होती. पण खाणं म्हणजे काय, याची व्याख्या कुणी करून ठेवली नव्हती. लिमलेटची गोळी हे खाणं नव्हे, ते औषध. शेंगदाणे खाणं असले तरी एका वेळी एकच दाणा घेतला आणि दोन दाण्यांमध्ये एक प्रवेश जाऊ दिला, तर पावशेराची पुडी महिनाभराच्या नाटकांना पुरते. बडीशेप त्याहून टिकाऊ. पाण्याची बाटली मांडीवर, झाकण उघडं. डोअरकीपर दिसला की ओठाला लावा. प्यायलंच पाहिजे असं नाही.

मध्यंतरातल्या बटाटावड्याचं तंत्र अनुभवानंच येतं. काउंटरपाशी सहा फुटांचे गोल आखलेले असतील, त्यांत पाय ठेवायची धडपड केलीत तर वडा संपेल. गर्दीत शिरा. मागच्याची हनुवटी आपल्या खांद्यावर आणि आपली हनुवटी पुढच्याच्या खांद्यावर टेकली, की आपण रांगेत आहोत असं समजावं. “दोन वडे, एक चहा” हे मास्कमधून ऐकू जात नाही. मास्क काढून, हात उंच करून, पोटातून आवाज काढून ओरडा. सगळेच तसं ओरडत असल्यानं कुणाला वेगळं वाटत नाही. वडा हातात आला की तो तोंडानं फुंकून गार करा. मग बायकोला द्या, मग पाहुण्यांना.

घंटा झाली आणि वडा उरला असेल तर रुमालात गुंडाळून आत न्या. अंधारात लसणाच्या चटणीचा वास आला, की एकेक मास्क वर जातो. नियमाची अशी मनापासून अंमलबजावणी त्या दिवसांत दुसऱ्या कशानंही झाली नाही.

६. खोकला

साथीच्या आधी हळव्या प्रवेशात खोकणं ही आपली परंपरा होती. साथीत तोच खोकला शस्त्र झाला. शेजारचा माणूस खुर्चीच्या हातावर कोपर पसरून बसला असेल, तर एकदाच, कोरडा, छातीतून. कोपर जाईल. दुसऱ्यांदा खोकलात तर माणूस जाईल. तिसऱ्यांदा नका, रांग उठते आणि मग संशय तुमच्यावर येतो. चुकून खरा खोकला आलाच, तर आपल्या पलीकडच्या माणसाकडे रागानं बघा.

७. दुसरा पंथ

नियम मोडायला मन धजत नसेल, तरी निराश होऊ नका. दोन मास्क, वर फेसशील्ड, हातात मोजे आणि पर्समध्ये अर्धा लिटर सॅनिटायझर घेऊन येणाऱ्यांचाही एक कडवा पंथ होता. नियम स्वतःपुरते पाळून गप्प बसायचं, एवढ्यावर या पंथाचं समाधान होत नाही. पहिल्या प्रवेशातच खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर आणि शेजाऱ्याच्या शर्टावर फवारा मारावा. नायक नायिकेला पहिल्यांदा मनातलं सांगत असताना तीन रांगांत स्पिरिटचा वास पसरतो आणि तिनं होकार दिला की नाही हे मागच्यांना कळत नाही. फेसशील्डवर स्पॉटचा उजेड पडला तर आणखी चांगलं. दर दहा मिनिटांनी मागे वळून ‘नाक, नाक’ अशी खूण करायला मात्र विसरू नका. आणि हे सगळं झाल्यावर, मध्यंतरात, वरच्या चारही गोष्टी काढून, वड्याच्या गर्दीत शिरा.

८. रंगपटात जाऊन भेटावं

त्या काळात बाहेरच्यांना रंगपटात जायला मनाई होती. यातून एवढंच शिकायचं, की समोरून जाऊ नका, मागच्या दारानं जा.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, ती पुढच्या वादात कामाला येते. स्टेजवरचे नट मास्क लावत नाहीत. हा तुमचा हुकमाचा एक्का. “ते तरी कुठे लावतात?” असं म्हणून रिकामं व्हा. ते लावूच शकत नाहीत, दोन अडीच तास बाल्कनीपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे छाती भरभरून श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास ते ज्या हवेतून घेतात तिच्यात तुम्ही सगळे नाक उघडं टाकून बसलेले असता, वगैरे बारकावे कुणी सांगायला लागलं तर घड्याळ बघा. त्यांचा तो धंदाच आहे, तुम्ही बिचारे आपले चार घटका करमणुकीला आलात.

तर रंगपट. नट घामानं निथळत मेकअप पुसत असेल. तुम्हाला बघून घाईघाईनं मास्क चढवेल. लगेच हिरमुसल्या स्वरात म्हणा, “अहो, मास्क काढा ना! फोटोत तुम्हीच आहात हे कळणार कसं?” तो आधी हसेल, मग दाराकडे बघेल, मग व्यवस्थापकाकडे. व्यवस्थापक छताकडे बघतो. साडेतीनशेचं तिकीट काढून पुन्हा यायला हवं असलेल्या माणसाला नाही म्हणायची कुणाचीच छाती होत नाही. मास्क निघतो. आता तुमचाही काढा, नाहीतर फोटोत तुम्ही तरी कसे ओळखू येणार? डोक्याला डोकं लावा. एक फोटो हललाच असेल, दुसरा घ्या. मग वहिनींबरोबर एक, मग तुमच्या मोबाईलमधून झाला म्हणून वहिनींच्या मोबाईलमधून. फोटो काढताना “काय काम केलंत!” हे वाक्य त्यांच्या कानाशी, अगदी जवळून, दर्दभऱ्या आवाजात म्हणा. कलावंताला दाद लागते.

घसा खवखवत असल्याचं त्यांना सांगायची गरज नाही. सकाळपासून आहे म्हणजे सर्दीचाच असणार.

९. प्रयोग रद्द झाला तर

पाच-सहा दिवसांनी बातमी येईल : प्रमुख कलाकाराला लागण, शनिवार-रविवारचे प्रयोग रद्द. तुमच्या मेव्हण्यानं तुमच्याच सांगण्यावरून रविवारची चार तिकिटं काढलेली असतात. आता पहिल्या पायरीला राखून ठेवलेला राग बाहेर काढा.

“यांना स्वतःची काळजी घ्यायला काय होतं? लोक केवढ्या हौसेनं येतात!” हे सोसायटीच्या ग्रुपवर टाका. रंगपटातला तो फोटो सोबत जोडा. ‘गेल्याच आठवड्यात भेटलो होतो, तेव्हाच जरा थकलेले वाटले’ अशी ओळ त्याखाली छान दिसते.

बॅकस्टेजच्या मंडळींचा हिशेब नाइटवर असतो. प्रयोग झाला तर नाइट मिळते, रद्द झाला तर कुणी देत नाही. दोन प्रयोग गेले म्हणजे सेट लावणाऱ्याच्या, लाइटवाल्याच्या, कपडेपटवाल्या मावशींच्या दोन नाइट गेल्या. आधीच दीड वर्षात मिळून मोजक्या मिळालेल्या. तुमच्या परताव्याच्या रकमेत यातलं काही येत नाही, त्यामुळे हा भाग वाचला नाही तरी चालेल.

परतावा घ्यायला मेव्हण्याला एकटं पाठवू नका, बरोबर जा. तिकिटाचे पैसे देतील. ऑनलाइनचं शुल्क देत नाहीत, तेही मागा. रिक्षाचे मागून बघा. खिडकीवरच्या माणसाचा आवाज काचेमागून मास्कमधून येतो, नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याला मास्क खाली घ्यायला सांगा. आणि मागचा माणूस फार जवळ येऊन उभा राहिला, तर वळून चांगलं खडसावा, की बाबा रे, अंतर ठेव, साथ किती वाढलीय बघतोयस ना.